पेटीचा सूर आणि तंबोऱ्याची तार



अमरावती जिल्ह्याच्या मोर्शी तालुक्यात रिद्धपूर नावाचे गाव आहे. महानुभाव पंथाचे गोविंदप्रभू येथेच वावरले, आणि चक्रधरस्वामींच्या आठवणी गोळा करून म्हाइंभटांनी तेराव्या शतकात जे ‘लीळाचरित्र’ सिद्ध केले, त्याचेही नाते ह्याच गावाशी आहे. म्हाइंभटांची पद्धती मोठी चोख होती. ज्याने जे पाहिले वा ऐकले त्याच्याकडे जाऊन विचारावयाचे, आणि जमलेली आठवण नागदेवाचार्यांच्या स्मरणाशी ताडून घ्यावयाची. पुढे मूळ पोथी परचक्रात नाहीशी झाली, तेव्हा शिष्यांनी ती स्मरणाच्या बळावर पुन्हा उभी केली. आणि जेथे दोघांच्या आठवणीत अंतर पडले, तेथे ते अंतर लपविले नाही, नोंदून ठेवले.

आजचा माझा विषय वाद्ये हा असता मी पोथ्यांची गोष्ट का सांगतो आहे, असे आपणांस वाटेल. त्याचे कारण आपल्या भाषेतल्या एका साध्या क्रियापदात आहे. पोथी पोथीशी ‘मिळवून’ पाहतात, आणि वाद्यही ‘मिळवतात’. दोन्ही ठिकाणी काम एकच : हातात जे आहे ते विश्वासाच्या एखाद्या वस्तूशी ताडून पाहणे, आणि चूक आढळल्यास ती दुरुस्त करणे. हे काम यंत्रावर सोपविले म्हणजे काय होते, ह्याचा इतिहास आज आपण पाहू.

वऱ्हाडातल्या कोणत्याही गावी भजनाला जा. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची खंजिरी ज्या मुलखाने ऐकली, तेथे टाळ, मृदंग, एकतारी ही वाद्ये घरोघरची आहेत. पण त्यांच्या मधोमध बसलेली असते ती पेटी. ही पेटी मूळची आपली नव्हे. पॅरिसच्या अलेक्झांद्र दबें ह्या कारागिराने हार्मोनियमचे पेटंट घेतले. ते वाद्य खुर्चीवर बसून, पायांनी भाता हलवून वाजवावयाचे होते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कलकत्त्यास द्वारकानाथ घोष यांच्यासारख्या कारागिरांनी त्याचे पाय काढून टाकले, भाता मागे घेतला आणि ते मांडी घालून बसणाऱ्यांच्या हाती दिले. मराठी संगीत रंगभूमीने पेटीला आपलेसे केले. गोविंदराव टेंबे यांनी तिला स्वतंत्र वादनाची प्रतिष्ठा मिळवून दिली. बालगंधर्वांनी पुढे पायपेटीचा, म्हणजे ऑर्गनचा, भरदार स्वर साथीला घेतला.

पेटी खेड्यापाड्यांत एवढी का पसरली? तिला मिळवावे लागत नाही, हे त्याचे उत्तर. तंबोरा घेऊन बसले की आधी कान लावावा लागतो. वऱ्हाडातला उन्हाळा तर तारेच्या वाद्याचा वैरीच. वैशाखात लाकूड सुकते, खुंटी आपल्या भोकात सैल होऊन घसरते, मग तिला खडू लावून घट्ट बसवावे लागते. भोपळ्याला तडा जाण्याचे भय असतेच. पाऊस सुरू झाला की तेच लाकूड फुगते आणि काल लावलेला सूर आज हलतो. पेटीला ह्यातले काही नाही. झाकण उघडा, भाता हलवा, पट्टी दाबा : सूर तयार.

परंतु हा तयार सूर कोणी लावलेला असतो? पेटीत तार नसते. पितळी चौकटीवर एका टोकाने बसविलेली पितळेचीच पातळ जीभ वाऱ्याने थरथरते, आणि तिच्यातून नाद निघतो. तिचे मोकळे टोक किंचित खरवडले की ती हलकी होऊन सूर चढतो. बुडाशी खरवडले की ती लवचीक होऊन सूर उतरतो. ही खरवड कारखान्यात एकदा होते, आणि वाजविणारा जन्मभर तिच्या आधीन राहतो. तारेचे तसे नाही. खुंटी पिळली की ताण वाढतो, ताण वाढला की सूर चढतो. तार तीच व लांबी तीच ठेवून वरच्या सप्तकाचा सूर हवा असेल तर ताण चौपट करावा लागतो, हा भौतिकशास्त्राचा नियम. आणि तो ताण वाजविणाऱ्याच्या बोटांत असतो.

यंत्र वाजविते, पण मिळवीत नाही, ही गोष्ट पाश्चात्त्यांच्याही अनुभवास आली. एडविन व्होटी नावाच्या अमेरिकन गृहस्थाने १८९५ साली ‘पियानोला’ बनविला. कागदाच्या गुंडाळीवर भोके पाडलेली असत. पायांनी हवा खेचली की ज्या भोकातून हवा जाई त्या सुराची पट्टी आपोआप दाबली जाई. पुढे ही यंत्रणा पियानोच्या पोटातच बसविण्यात आली. विसाव्या शतकाच्या पहिल्या पंचवीस वर्षांत अमेरिकेतल्या दिवाणखान्यांत असे स्वयंचलित पियानो फार होते. ज्याला एक सूर वाजविता येत नाही, त्याच्याही घरी मैफल! परंतु कागदाला ठाऊक असते ते एवढेच, की कोणती पट्टी केव्हा दाबावयाची. त्या पट्टीमागची तार सुरात आहे की नाही, हे त्याला कळत नाही. पियानोत दोनशेंवर तारा असतात आणि त्यांचा एकंदर ताण कित्येक टनांचा होतो. हवामान पालटले की तो हलतो. तार उतरली तरी यंत्र मुकाट्याने तेच गीत बेसूर वाजवीत राही. शेवटी किल्ली घेऊन येणारा, कानाने सूर पारखणारा माणूस लागेच.

आपल्याकडे अडचण ह्याहूनही खोल होती. पेटीचे बारा सूर पियानोप्रमाणेच समान अंतरावर बसविलेले असतात. ही युरोपीय सोय आहे. कोणत्याही पट्टीला षड्ज मानून गाता यावे म्हणून प्रत्येक सुराला थोडे थोडे ढकललेले असते. उदाहरण घेऊ. षड्ज सेकंदाला २४० कंपनांचा धरला तर शुद्ध गांधार ३०० कंपनांचा येतो. पेटीतला गांधार मात्र ३०२ च्याही थोडा वर असतो. दोन कंपनांचा तो फरक काय, असे कोणी म्हणेल. पण प्रत्येक सुराच्या पोटात त्याच्या पटींतले सूक्ष्म सूर असतात. षड्जाच्या पाचपटीचा सूर १२०० कंपनांचा, तर पेटीच्या गांधाराच्या चौपटीचा १२०९ च्या वर. दोघे एकमेकांवर आपटतात आणि सेकंदाला नऊहून अधिक हेलकावे उठतात. कानाला जी खरखर जाणवते ती हीच.

आता तंबोरा पाहा. त्याला तारा चार : पंचमाची, जोडीच्या दोन आणि खर्जाची. गांधाराची तार त्यात नाहीच. तथापि खर्जाची तार नीट लागली आणि जवारी चांगली असली, तर तिच्या पोटातून गांधार आपोआप ऐकू येतो. ह्यालाच स्वयंभू गांधार म्हणतात. तो कोणी कारखान्यात बसविलेला नाही. तो तारेचा स्वभाव आहे. गवई पेटीच्या साथीने गात असता तंबोरा त्याच्या मागे बसून प्रत्येक क्षणी खरा गांधार सांगत असतो. पोथीशी पोथी ताडावी तसा हा ताळा आहे.

हा तंटा मिटविण्याचा पहिला मोठा प्रयत्न महाराष्ट्रातच झाला. कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी बावीस श्रुतींची कंपने मोजण्याचा ध्यास घेतला आणि १९१० साली आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांच्या प्रयोगांना आवाज दिला अब्दुल करीम खाँसाहेबांनी. ई. क्लेमेंट्स ह्या इंग्रज न्यायाधीशाने त्यांना साथ केली, आणि त्या श्रुती वाजविणारी पेटी तयार करविण्यात आली. १९१६ साली बडोद्यास भरलेल्या संगीत परिषदेत हा विषय निघाला, पण ती पेटी सर्वमान्य झाली नाही. पुढे १९४० साली ऑल इंडिया रेडिओने हार्मोनियमला आपल्या केंद्रांवर बंदीच केली. ती सुमारे तीन दशके टिकली. १९४८ साली नागपूर केंद्र सुरू झाले, तेव्हा वऱ्हाडातल्या देवळात पेटी वाजत होती आणि देवळाशेजारच्या रेडिओवर तिला मज्जाव होता!

बंदी घालणाऱ्यांचे म्हणणे निराधार नव्हते. पेटीत मींड निघत नाही आणि सूर ढळलेले असतात, हे खरेच आहे. पण बंदीने सूर सुधारत नाहीत. ते सुधारले दुरुस्ती करणाऱ्यांनी. मुंबई-पुण्याकडचे जाणते कारागीर आज गायकाचा षड्ज विचारून, तंबोरा समोर लावून, पेटीची एकेक जीभ खरवडतात आणि शुद्ध गांधार बसवून देतात. अशी पेटी त्या एका षड्जालाच शोभते, पण तेथे ती तंबोऱ्याशी भांडत नाही. ठाण्याचे डॉ. विद्याधर ओक यांनी तर बावीस श्रुतींची पेटी पुन्हा नव्याने सिद्ध केली आहे.

दुरुस्तीच्या ह्या विद्येचे माहेर म्हणजे मिरज. तेथील शिकलगार पूर्वी तलवारींना पाणी व धार देत. इंग्रजी अमलात शस्त्रे म्यान झाली आणि धंदा बसला. तेव्हा, एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास, फरीदसाहेब शिकलगार यांनी तंतुवाद्ये दुरुस्त करण्यास आरंभ केला, आणि दुरुस्तीतूनच ते वाद्ये घडविण्यास शिकले, असे मिरजेत सांगतात. मला ह्यातला क्रम महत्त्वाचा वाटतो : आधी दुरुस्ती, मग निर्मिती. मोडलेले वाद्य उघडून पाहिल्यावाचून ते का गाते हे उमगत नाही. पंढरपूरकडचे मोठे भोपळे, तूनाचे लाकूड, आणि घोडीच्या पाठीला दिलेला तो नाजूक उतार, ज्यावर तार घासून झंकारते, तीच जवारी. तारेने घोडीवर चर पडली की जवारी बंद होते. मग कारागीर घोडी पुन्हा घासतो, तारेखाली सुताचा धागा सरकवितो, मणी पुढेमागे करतो आणि ऐकतो. त्याच्या हत्यारांतले सर्वांत बारीक हत्यार कान हेच होय. अब्दुल करीम खाँसाहेबांनी मिरजेस घर केले, आणि स्वतः ते वाद्यदुरुस्तीत निष्णात होते, हा योगायोग नव्हे. मिरजेच्या सतारीला व तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले, ही आनंदाची वार्ता आहे.

आज विजेचा तंबोरा आहे, आणि तो आता खिशातल्या फोनातही शिरला आहे. त्याची खुंटी घसरत नाही, भोपळा तडकत नाही. एकट्या शिकणाऱ्याला त्याचा मोठा आधार आहे, आणि मी त्याचा निंदक नाही. मात्र एक हानी नजरेआड होऊ नये. रोज तार लावताना शिष्याचा कान रोज घडत असे. तार उतरणे हा तंबोऱ्याचा दोष नव्हता, ती त्याची शिकवणी होती. जे कधी उतरत नाही, ते आपणांस काही विचारीतही नाही. आणि ज्याला कोणी विचारीत नाही, त्याला आपली चूक कळत नाही.

गतवर्षी वऱ्हाडातल्या एका गावी भजनास बसलो होतो. पेटीचा एक सूर मुका झाला होता. पेटीवाले त्या सुरावरून उडी मारून वाजवीत होते, आणि मंडळीही तेथे आपोआप उडी मारून गात होती! जिल्ह्याच्या ठिकाणी नेऊन दुरुस्त करण्यास सवड कोणाला, म्हणून सहा महिने तसेच चालले होते. भजन संपल्यावर एका वृद्ध गृहस्थांनी झाकण काढले, पातळ कागदाचा कपटा त्या पितळी जिभेखालून हळूच फिरविला. धुळीचा एक कण निघाला आणि सूर बोलू लागला. मंडळी हसली. मला मात्र वाटले, हे गृहस्थ गेल्यावर झाकण कोण काढणार?

हरवल्यावर माणसांनी पुन्हा मिळविलेल्या पोथीचे ज्या रिद्धपुराशी नाते आहे, तेथे आता मराठी भाषा विद्यापीठ सुरू झाले आहे. पोथी मिळविण्याची विद्या तेथे वाढो. तिच्याच शेजारी, प्रत्येक भजनी मंडळातल्या निदान एका तरुणाने वाद्य मिळविण्याची विद्या शिकून घ्यावी. त्यासाठी लागते ते एक किल्ली, थोडा खडू, कागदाचा कपटा आणि ऐकण्याचा धीर. यंत्रे सूर काढतील. तो खरा आहे की नाही हे पाहण्याचे काम आपले आहे, आणि ते आपल्याकडेच राहो.