सरकारी आकडेवारी : विश्वास कमवायचा कसा?

केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांचा महागाई भत्ता किती वाढणार, सवलतीचे धान्य किती जणांना मिळणार, रिझर्व्ह बँक व्याजदर वाढवणार की घटवणार, या साऱ्या निर्णयांच्या मुळाशी सरकारी आकडेवारी असते. मात्र ही आकडेवारी गोळा करणारे सरकार आणि तिच्या आधारे ज्याचे यशापयश मोजले जाते तेही सरकारच. विद्यार्थ्यानेच स्वतःची उत्तरपत्रिका तपासावी, असा हा प्रकार आहे. गुण रास्त असले तरी त्यांवर कोणाचा विश्वास बसत नाही. ही कोंडी फोडण्यासाठी काही देशांनी स्वतंत्र नियामकाचा मार्ग स्वीकारला. त्यात ब्रिटनचा अनुभव सर्वाधिक बोलका आहे.

प्रश्न किती नाजूक आहे, याचा प्रत्यय १ ऑगस्ट २०२५ रोजी अमेरिकेत आला. तेथील कामगार सांख्यिकी विभागाने रोजगाराचे मासिक आकडे जाहीर करताना मे आणि जून या दोन महिन्यांच्या पूर्वीच्या अंदाजात एकूण २ लाख ५८ हजारांची घट केली. त्याच दिवशी राष्ट्राध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनी विभागाच्या आयुक्त एरिका मॅकएन्टार्फर यांना पदावरून दूर केले. आकडे फिरवल्याचा आरोप त्यांनी केला. पुरावा मात्र दिला नाही. वास्तविक, अनेक आस्थापनांची माहिती उशिरा येत असल्याने असे फेरबदल हा नेहमीच्या कार्यपद्धतीचाच भाग असतो. गैरसोयीचा आकडा देणाऱ्याला संरक्षण नसेल, तर पुढच्या सोयीच्या आकड्यावरही लोक शंका घेऊ लागतात.

<b>ब्रिटनमधील अविश्वासाची पार्श्वभूमी</b>

मार्गारेट थॅचर यांच्या कारकिर्दीच्या आरंभी सर डेरेक रेनर यांनी सरकारी सांख्यिकी सेवेचा आढावा घेतला. माहिती मुख्यतः सरकारच्या स्वतःच्या कामासाठी गोळा करावी, प्रसिद्धीसाठी नव्हे, अशी त्यांची भूमिका होती. त्यानुसार खर्चात आणि कर्मचाऱ्यांत कपात झाली. त्याच दशकात बेरोजगारांची गणना करण्याचे निकष वारंवार बदलले गेले आणि बहुतेक बदलांनी संख्या कमीच झाली. परिणामी सरकारी आकडा म्हणजे सरकारच्या सोयीचा आकडा, ही समजूत घट्ट झाली.

२००० मध्ये सांख्यिकी आयोग नेमण्यात आला. परंतु त्याला कायद्याचे अधिष्ठान नव्हते. अखेर २००७ मध्ये कायदा संमत झाला आणि १ एप्रिल २००८ पासून ब्रिटिश सांख्यिकी प्राधिकरण अस्तित्वात आले. हे प्राधिकरण कोणत्याही मंत्र्याला नव्हे, तर थेट संसदेला उत्तरदायी ठेवण्यात आले.

पहिली कसोटी काही महिन्यांतच लागली. डिसेंबर २००८ मध्ये चाकूहल्ल्यांतील जखमींचे अपुरे, पडताळणी न झालेले आकडे सरकारने सांख्यिकीतज्ज्ञांचा विरोध डावलून प्रसिद्ध केले. प्राधिकरणाचे पहिले अध्यक्ष सर मायकेल स्कॉलर यांनी पंतप्रधान कार्यालयाला पत्र लिहून त्यावर उघड टीका केली. गृहमंत्री जॅकी स्मिथ यांना या घाईबद्दल संसदेत दिलगिरी व्यक्त करावी लागली.

<b>नियामकाचे शस्त्र कोणते?</b>

या नियामकाला दंड ठोठावण्याचा अधिकार नाही. त्याच्या हाती दोन साधने आहेत : मान्यतेची मोहोर आणि जाहीर पत्र. आकडेवारी आचारसंहितेनुसार तयार झाली आहे की नाही, हे तपासून ही मोहोर दिली जाते आणि गरज पडल्यास काढूनही घेतली जाते. विश्वासार्हता, गुणवत्ता आणि उपयुक्तता हे आचारसंहितेचे तीन आधारस्तंभ आहेत.

जानेवारी २०१४ मध्ये इंग्लंड आणि वेल्समधील पोलिसांकडील गुन्ह्यांच्या आकडेवारीची मोहोर काढून घेण्यात आली. गुन्हे कमी दिसावेत म्हणून तक्रारी नोंदवल्याच जात नाहीत किंवा सौम्य सदरात टाकल्या जातात, अशी माहिती एका पोलीस शिपायाने संसदीय समितीपुढे दिली होती. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये पोलीस निरीक्षणालयाचा अहवाल आला. पोलिसांपर्यंत पोहोचलेल्या गुन्ह्यांपैकी सुमारे १९ टक्के, तर लैंगिक गुन्ह्यांपैकी २६ टक्के नोंदलेच जात नसल्याचे त्यात आढळले. याचा अर्थ दर चार पीडितांपैकी एकीची वा एकाची तक्रार कागदावर उमटतच नव्हती. पुढील वर्षांत नोंदणी सुधारली तसे गुन्ह्यांचे आकडे वाढले. आकडा बिघडला, पण तो सत्याच्या अधिक जवळ गेला.

जाहीर पत्राचे गाजलेले उदाहरण सप्टेंबर २०१७ मधील आहे. युरोपीय महासंघातून बाहेर पडल्यावर आठवड्याला ३५ कोटी पौंड देशाच्या हाती येतील, हा दावा तत्कालीन परराष्ट्रमंत्री बोरिस जॉन्सन यांनी पुन्हा केला. युरोपकडून परत मिळणारी रक्कम वजा न करताच हा आकडा सांगितला जात असल्याचे प्राधिकरणाचे अध्यक्ष सर डेव्हिड नॉरग्रोव्ह यांनी त्यांना पत्राने सुनावले. दावा करणाऱ्यांनी माघार घेतली नाही. मात्र सत्य काय, याची अधिकृत नोंद जनतेसमोर आली.

<b>घरातच मतभेद</b>

या रचनेत एक मूलभूत त्रुटी होती. आकडे तयार करणारे राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालय आणि त्यांची तपासणी करणारी यंत्रणा एकाच प्राधिकरणाच्या छत्राखाली होती. सर चार्ल्स बीन यांच्या मार्च २०१६ मधील अहवालानंतर त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये स्वतंत्र ओळख असलेले सांख्यिकी नियमन कार्यालय सुरू झाले. १ जुलै २०१७ पासून राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने मंत्र्यांना आपले आकडे आगाऊ दाखवण्याची प्रथाही बंद केली.

तरीही नियामक म्हणजे रामबाण उपाय नव्हे. प्रश्नावलीला उत्तर देणाऱ्यांची संख्या घटत गेल्याने ऑक्टोबर २०२३ मध्ये ब्रिटनच्या श्रमबल पाहणीचे आकडे रोखून धरावे लागले. जून २०२५ मध्ये सर रॉबर्ट डेव्हरो यांच्या अहवालाने राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या अंतर्गत कारभारावर कठोर ताशेरे ओढले. नियामक दोष दाखवू शकतो; दर्जेदार पाहणीसाठी लागणारा पैसा आणि मनुष्यबळ सरकारलाच पुरवावे लागते.

<b>भारतातील चित्र</b>

भारताची सांख्यिकी परंपरा मोठी आहे. १९४९ मध्ये नेमलेल्या राष्ट्रीय उत्पन्न समितीत अध्यक्ष प्रशांतचंद्र महालनोबिस यांच्यासह पुण्याच्या गोखले संस्थेचे धनंजयराव गाडगीळ होते. १९५० मध्ये राष्ट्रीय नमुना पाहणी सुरू झाली. स्वतंत्र तपासणीचे महत्त्व मुंबईच्या कामगारांनीही अनुभवले आहे. ग्राहक किंमत निर्देशांक कमी दाखवला जात असल्याने महागाई भत्ता बुडतो, अशी तक्रार कामगार संघटनांनी केल्यावर राज्य सरकारने १९६३ मध्ये अर्थतज्ज्ञ डी. टी. लकडावाला यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. समितीने तक्रारीत तथ्य असल्याचे मान्य केले.

सी. रंगराजन आयोगाच्या २००१ मधील शिफारशीनुसार राष्ट्रीय सांख्यिकी आयोग २००६ मध्ये कार्यरत झाला. मात्र तो सरकारी ठरावाने, कायद्याने नव्हे. ही उणीव जानेवारी २०१९ मध्ये उघडी पडली. आयोगाने मंजूर करूनही २०१७-१८ चा रोजगार अहवाल प्रसिद्ध होत नसल्याने प्रभारी अध्यक्ष पी. सी. मोहनन आणि सदस्य जे. व्ही. मीनाक्षी यांनी राजीनामे दिले. बेरोजगारीचा दर ६.१ टक्के दर्शवणारा तो अहवाल लोकसभा निवडणुकीनंतर, ३१ मे २०१९ रोजी जाहीर झाला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये २०१७-१८ ची कौटुंबिक खर्चाची पाहणी दर्जाचे कारण देऊन सरकारने रद्द केली. अशी शंका रास्त असूही शकते. पण तिचा निवाडा सरकारने करायचा की त्रयस्थाने, हा खरा प्रश्न आहे.

<b>स्वतंत्र नियमनाची सूत्रे</b>

* नियामकाला कायद्याचे अधिष्ठान आणि विधिमंडळाप्रती उत्तरदायित्व.
* आकडे प्रसिद्ध करण्याच्या तारखा आधीच जाहीर. त्यांत बदलाचा अधिकार मंत्र्यांना नाही.
* पद्धत, चुका आणि फेरबदल यांची खुली माहिती.
* आकड्यांचा गैरवापर करणाऱ्याला, मग तो मंत्री का असेना, जाहीर समज.
* गैरसोयीचे आकडे देणाऱ्या अधिकाऱ्यांना संरक्षण.

आकडेवारी कधीच शंभर टक्के अचूक नसते. ती कोणाच्या दबावाखाली तयार झालेली नाही, एवढी खात्री मात्र नागरिकांना मिळू शकते. ती खात्री देणारी व्यवस्था उभी राहिली, तर आकडा आवडला नाही तरी तो मान्य होतो.