काउंट, कलदार आणि वॉटसन हॉटेल

आषाढातली संध्याकाळ, इस्लापूर स्टेशनचा बाक आणि उशिरा धावणारी गाडी. तुमच्या मोबाइलवर दिग्दर्शक कपोलाचा 1992 चा ‘ब्रॅम स्टोकर्स ड्रॅक्युला’ चालू आहे.

सुरुवातीला साल 1462. नवरा लढाईत पडल्याची खोटी बातमी ऐकून एलिझाबेटा किल्ल्यावरून नदीत उडी घेते. इकडे जवळच सहस्रकुंडाला पैनगंगा कोसळते आहे. उंचावरून पाण्यात पडणं म्हणजे काय, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. देवावर उलटलेला नवरा, म्हणजेच काउंट ड्रॅक्युला, रक्तपिपासू होतो आणि चारशे वर्षांनी तीच बायको त्याला लंडनमध्ये मीना होऊन भेटते. स्टोकरच्या कादंबरीत या प्रेमाचा पत्ताच नाही. पण पुनर्जन्माची ‘मधुमती’ बघून मोठ्या झालेल्या माणसाला यात परकं काय वाटणार? काउंट आपल्याच घरचा वाटू लागतो.

गाडी येते. तुम्ही डब्यात पाय टाकता आणि उतरता ते 1991 च्या शेवटाला, लॉस एंजेलिसजवळच्या कल्व्हर सिटीत, स्टुडिओत. संगणकाचा आग्रह धरणाऱ्या मंडळींना कपोलानं नारळ दिलाय आणि चमत्कारांचं काम पंचविशीतल्या आपल्याच मुलाकडे, रोमनकडे सोपवलंय. हुकूम एकच: जे करायचं ते जुन्या युक्त्यांनी. समोर एक अवाढव्य डायरी उघडी पडलीय. तिच्या पानाच्या कडेवरून खेळण्यातली आगगाडी धूर सोडत जाते. पडद्यावर हाच मीनाच्या होणाऱ्या नवऱ्याचा, जोनाथनचा, कार्पेथियाकडचा प्रवास. पलीकडे काउंट झालेला गॅरी ओल्डमन हात खाली घेतो, पण भिंतीवरची सावली तो मागाहून, स्वतःच्या मर्जीनं हलवते. ती सावली दुसऱ्याच माणसाची आहे. एके ठिकाणी फिल्म उलटी फिरवून मीनाच्या मैत्रिणीला, ल्युसीला, शवपेटीत परत आडवं केलं जातं. लंडनच्या रस्त्यावर काउंटला मीना पहिल्यांदा दिसते, ते दृश्य तर हातानं फिरवायच्या जुन्या पाथे कॅमेऱ्यानं टिपलंय. माझं विचाराल तर या सिनेमातलं खरं प्रेमप्रकरण मीनाशी नाही, तान्ह्या सिनेमाशी आहे. म्हणून तर काउंट मीनाला बागेत न नेता सिनेमॅटोग्राफ बघायला नेतो. तिथे लांडगा शिरतो, धावपळ उडते आणि त्याच गोंधळात तिचा हात लांडग्याच्या पांढऱ्या केसांतून फिरतो.

तेवढ्यात मागून कुणीतरी ढकलतं.

7 जुलै 1896. मुंबई, वॉटसन हॉटेल. स्टोकरची कादंबरी लंडनमध्ये छापून यायला अजून दहा महिने आहेत; काउंटच्या आधी ल्युमिएर बंधूंची चित्रं इथे पोचली आहेत. तिकीट एक रुपया. तुम्ही ऐटीत खिशातून निजामाचा रुपया काढता. इस्लापूर हैदराबाद संस्थानात आहे, दुसरं निघणार काय?

“हा हाली शिक्का आहे, राव. इथे कलदार लागतात, इंग्रजांचे रुपये.”

वाद घालण्यात अर्थ नाही. मागचा एक गृहस्थ हसून कलदार पुढे करतो आणि तुम्ही आत शिरता. अंधार होतो. पडद्यावर स्टेशन, आणि तुमच्या अंगावर गाडी! तुमच्या मुलखात, नांदेडपर्यंतसुद्धा, अजून रूळ पोचलेले नाहीत. शेजारी दचकतात, तुम्ही मात्र सवयीनं डबा कुठे थांबेल याचा अंदाज घेता. आठवड्याभरात हे खेळ नॉव्हेल्टी थिएटरात जातील, पडदानशीन बायकांसाठी वेगळी सोय होईल, तिकीट चार आण्यांपासून सुरू होईल.

या चित्रांनी मुंबईतल्या एका मराठी फोटोग्राफरची झोप उडवली आहे. हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, म्हणजे सावेदादा. ते लवकरच विलायतेहून कॅमेरा मागवतील आणि 1899 मध्ये हँगिंग गार्डनमध्ये तो रोखतील. नायिकेवर नव्हे, पुनर्जन्मावर तर नव्हेच. समोर लंगोट कसलेले दोन पैलवान असतील.