वर्धेचे दोन तीर व हिजड्यांविषयींचे कायदे

वयांत न आलेल्या मुलांच्या लिंगपालटावर कायद्यानें बंदी घालण्याचा प्रघात अमेरिकेंतील संस्थानांत अर्कान्सानें २०२१ सालीं पाडला. आपणांकडे या प्रश्नाचा एक जुना पूर्वज आहे, व त्याची सीमा चांदा जिल्ह्यांतूनच जाते, म्हणून हें टिपण.

इ. स. १८७१ च्या २७ व्या अधिनियमाच्या दुसऱ्या भागांत हिजड्यांची नोंदवही ठेवण्याची आज्ञा आहे. मुलें पळविल्याचा अगर खच्ची केल्याचा ज्यांच्यावर संशय, त्यांचीं नांवें तींत चढत. अशा इसमाच्या घरीं सोळा वर्षांखालील मुलगा आढळल्यास दोन वर्षांपर्यंत कैद. शिवाय अज्ञानाचें पालकत्व, दत्तक व मृत्युपत्र हे तिन्ही अधिकार बंद. मनूनें क्लीबास दायभाग नाकारला, तरी त्यास अन्नवस्त्र देणें न्याय्य म्हटलें. येथें तेवढीहि तजवीज दिसत नाहीं.

हा कायदा अवघ्या ब्रिटिश हिंदुस्थानास लागू होता असें पुष्कळ लेखक लिहितात. तें बरोबर नाहीं. मूळ अधिनियमाचा हा भाग वायव्य प्रांत, पंजाब व अयोध्या एवढ्यापुरताच होता. मध्यप्रांत, अर्थात् चांदाहि, त्याबाहेर राहिला.

वर्धा ओलांडून राजुऱ्यास गेलें कीं निजामाचा अंमल लागे. हा तालुका १९५६ पर्यंत आदिलाबाद जिल्ह्यांत होता. नंतर नांदेडास व १९५९ सालीं चांद्यास जोडला गेला. ब्रिटिश मुलखांतील हिजड्यांविषयींचा भाग १९११ च्या नव्या अधिनियमांत वगळला गेला असतां, हैदराबादेंत १३२९ फसलींत, म्हणजे इ. स. १९१९-२० मध्यें, त्याच धर्तीचा कायदा झाला! सोळा वर्षांची मर्यादा तीच. खच्ची करणारास सात वर्षांपर्यंत कैद, मग संमति असो वा नसो. तेलंगणांत हा कायदा उरला होता. तेथील उच्च न्यायालयानें २०२३ च्या जुलैंत तो घटनाविरुद्ध ठरविला.

संसदेच्या २०१९ च्या अधिनियमानें दिशा फिरविली. अज्ञान मुलाच्या ओळखपत्राचा अर्ज आईबापांनीं किंवा पालकानें जिल्हादंडाधिकाऱ्याकडे करावयाचा, आणि तृतीयपंथी असल्याच्या कारणावरून मुलास न्यायालयाच्या हुकुमावांचून आईबापांपासून वेगळें करावयाचें नाहीं, असें त्यांत ठरलें. पूर्वीं सरकारास हिजड्यांच्या घराचें भय होतें; आतां मुलाच्या स्वतःच्या घराचें आहे, असें आम्हांस वाटतें.

राजुऱ्यांतहि नोंदवही होती असें मात्र कोणीं एकदम समजूं नये. हैदराबादच्या कायद्यांतील वहीची सक्ति राजधानीच्या शहरापुरती, व सरकार मुद्दाम लागू करील त्या स्थळांपुरती होती. राजुऱ्याविषयीं तसा हुकूम निघाला होता काय, हें निजामाच्या जुन्या जरीद्यांवरून ठरेल. ज्यांच्या संग्रहीं ते असतील त्यांनीं १३२९ फसलीपासूनचे अंक अवश्य चाळावे.