सर्वर्तुक उपवनें आणि पोथीचें शेवटचें पान

जुन्या मराठी आख्यानकाव्यांच्या पोथ्या वाचीत असतां एक गोष्ट ध्यानांत आल्यावांचून राहत नाहीं. कथेंत नगर आलें कीं नगराबाहेर उपवन येतें, आणि उपवन आलें कीं त्यांत आंबा मोहरलेला, कदंब फुललेला, केतकी दरवळत असलेली, कुंद आणि शिरीष दोन्ही बहरलेले, असा सर्व थाट एकाच वेळीं मांडलेला असतो. वस्तुतः कदंब आणि केतकी हीं पावसाळ्याचीं, कुंद थंडीचा, शिरीष उन्हाळ्याचा, आणि आंब्याचा मोहोर माघ-फाल्गुनांतला. कथेंत बारा बारा वर्षें लोटतात, राजपुत्र वनवासास जातो आणि परत येतो. पण त्या उपवनांतलें एक पान पिकून गळत नाहीं.

इंग्रजी काव्याचा परिचय झाल्यानंतर आमच्या जुन्या कवींवर जे आक्षेप घेण्यांत आले त्यांत हाही एक होता. कवीला सृष्टीकडे डोळे उघडून पाहतांच येत नव्हतें, त्यानें झाडांचीं नांवें पाठ केलीं आणि ओळीनें लिहून काढलीं, असें म्हणण्यांत येई. आक्षेप सोपा आहे म्हणून तो टिकला. परंतु ज्या शास्त्रावर हे कवी पोसले त्या शास्त्रानेंच महाकाव्याच्या वर्ण्य विषयांत नगर, समुद्र, पर्वत, चंद्रोदय, सूर्योदय यांच्या जोडीला ऋतु घातले आहेत. दंडीच्या ‘काव्यादर्शां’त ही यादी आहे. ऋतुवर्णन हें कवीचें ठरीव कर्तव्य होतें. मग तोच कवी एखाद्या स्थळीं ऋतु थांबवून ठेवतो, तेव्हां तें त्यानें समजून उमजून केलें असलें पाहिजे.

याची उत्तम साक्ष ‘मेघदूत’ देतें. रामगिरीवर, म्हणजे बहुतेकांच्या मतें नागपुराजवळील रामटेकावर, राहणाऱ्या यक्षाला दिवस मोजावे लागतात. आषाढांत मेघ दिसतो, शाप कार्तिकांत प्रबोधिनीला संपावयाचा असतो, मधले चार महिने कंठावयाचे असतात. आषाढाचा दिवस पहिला कीं शेवटचा, ‘प्रथमदिवसे’ हा पाठ खरा कीं ‘प्रशमदिवसे’ हा, यावर जुन्या टीकाकारांनीं वाद घातला आहे, आणि एका अक्षरावरून जवळजवळ एक महिना इकडचा तिकडे होतो. पोथ्या जमविणारांस अशा अक्षराची किंमत निराळी सांगावयास नको. याच काव्याच्या उत्तरार्धांत मात्र अलकानगरींतील स्त्रियांच्या अंगावर सहाही ऋतूंचीं फुलें एकदम आहेत: हातांत कमळ, केसांत कुंद, मुखावर लोध्राचा पराग, वेणींत कुरबक, कानावर शिरीष, भांगांत कदंब. तेथें महिना विचारण्याची सोयच नाहीं. ज्याला घरापासून दूर केलें त्याच्यासाठीं काळ सरकतो. ज्या ठिकाणीं तो पोहोंचूं शकत नाहीं तें ठिकाण काळाबाहेर आहे. एकाच कवीनें एकाच काव्यांत दोन्ही प्रकार योजले असतां त्याला सृष्टीचें अज्ञान होतें असें कोण म्हणेल?

वाल्मीकीच्या काव्यांतही हाच भेद दिसतो. किष्किंधाकांडांत पाऊस कथेला अडवून धरतो. चार महिने सुग्रीवाला हालतां येत नाहीं, आणि शरद् लागल्यावरही तो हालत नाहीं म्हणून लक्ष्मणाला कोप येतो. तो पावसाळा काढून टाकला तर कथेचा सांधाच निखळेल. इकडे लंकेंतील अशोकवन पाहावें तर तेथें सर्व ऋतूंचीं फुलेंफळें नित्य हजर आहेत. भागवताचा दशमस्कंध तर हें उघडच बोलतो: ग्रीष्म आला, पण वृंदावनाच्या गुणांमुळें तो वसंतासारखा भासला. आणि पुढें विसाव्या अध्यायांत त्याच वृंदावनांतल्या पावसाळ्याचें व शरदाचें सविस्तर वर्णन येतें. म्हणजे त्रासदायक तेवढा ऋतु वगळला, सुखाचे ठेवले! मराठी कृष्णकथांनीं ही सवलत तेथूनच उचलली, असें आम्हांस वाटतें.

येथवर सर्व रसिकतेचा विषय झाला. संशोधकास त्याचें काय, असें कोणी विचारील. त्याचें कारण असें कीं, अशा उपवनांतील वृक्षांच्या याद्या कवीचें गांव ठरविण्याच्या कामीं लावण्याचा मोह अनेकांस होतो. यादींत नारळ आणि पोफळ दिसली कीं कवी कोंकणांतला. ताड-खजूर दिसले कीं देशावरचा. हा पुरावा आमच्या मतें मुळींच ग्राह्य नाहीं. ज्या यादीनें ऋतूचा नियम पाळला नाहीं, ती देशाचा नियम पाळील अशी अपेक्षा कां धरावी? त्या उपवनांत केशरही असतें आणि नारळही असतो; कवी काश्मीर व कोंकण या दोन्ही ठिकाणीं एकदम राहत होता असें कोणी म्हणणार नाहीं.

मात्र एका कामीं या याद्या उपयोगी पडतात. अननस, पेरू, मिरची, काजू हीं पोर्तुगीज येथें आल्यानंतर अमेरिका खंडांतून आलेलीं. वास्को द गामा कालिकतास आला तो १४९८ त, आणि गोवें पोर्तुगीजांच्या हातीं गेलें तें १५१० त. यादवकालीन म्हणून दाखविलेल्या काव्याच्या उपवनांत अननस आढळला तर निदान ती ओवी तरी मागाहून घुसलेली आहे हें निश्चित. (सीताफळाविषयीं मागें मोठा वाद झाला, कारण प्राचीन शिल्पांत तें दिसतें असें कांहींचें म्हणणें होतें, म्हणून तें आम्ही या नियमांत घेत नाहीं.) ऋतु न जाणणारें उपवन काळाची एवढी खूण मात्र नकळत ठेवून जातें.

आतां कहाण्यांकडे वळूं. ‘आटपाट नगर’ हें सर्व मराठी घरांतून परिचित असलेलें काल्पनिक गांव. त्याला नदी असते, राजा असतो, दरिद्री ब्राह्मण असतो, आवडती आणि नावडती राणी असते; हवापाणी मात्र नसतें. खुलभर दुधाची कहाणी श्रावणांतल्या सोमवारची आहे. राजा गांवचें सारें दूध देवळाच्या गाभाऱ्यांत ओतवितो, गाभारा भरत नाहीं, आणि एका म्हातारीच्या खुलभर दुधानें तो भरतो. ऐन श्रावणांत घडणाऱ्या या गोष्टींत पावसाचा थेंब नाहीं. नागपंचमीच्या कहाणींत शेतकऱ्याच्या नांगराखालीं नागिणीचीं पिलें मरतात, म्हणून तेवढ्यापुरतें शेत दिसतें. पण आभाळ तेथेंही दिसत नाहीं.

यावरून कहाणी रचणाऱ्या बायकांना पाऊस ठाऊक नव्हता असें अनुमान कोणी काढलें नाहीं. कहाणी सांगितली जाते तीच श्रावणांत, ओट्यावर किंवा देवघरांत, हातांत तांदळाचे दाणे धरून. बाहेर पागोळ्या गळत असतात. जो पाऊस ऐकणारीच्या कानावर पडत आहे तो गोष्टींत पुन्हां कशाला सांगावयाचा? येथें ऋतु गोष्टीच्या आंत नाहीं, गोष्टीच्या भोंवतीं आहे. कहाणी छापून पुस्तकांत घातली आणि माघांत वाचली, म्हणजे तिचा ऋतु हरवतो, आणि मग ती ऋतुहीन वाटूं लागते.

पोथ्यांचेंही असेंच आहे, आणि आमचा मुख्य मुद्दा हाच आहे. पोथीचा ऋतु बहुधा कथेंत नसतो. तो समाप्तिलेखांत असतो. श्रीधरस्वामींचें उदाहरण घेऊं. ‘रामविजय’ पंढरपुरास पुरा झाला त्याचा काल ग्रंथांतच दिला आहे: शके १६२५, सुभानु संवत्सर, श्रावण शुद्ध सप्तमी, भानुवार. गणित करून पाहतां ही तिथि नव्या, म्हणजे ग्रेगरी, पद्धतीनें १९ ऑगस्ट १७०३ रोजीं येते, आणि त्या दिवशीं रविवारच पडतो. संवत्सर, तिथि आणि वार हीं तिन्ही जुळतात. म्हणजे आषाढीची यात्रा उलगडून गेलेली, चातुर्मास चालू, भीमा भरून वाहण्याचे दिवस. अशा वेळीं ग्रंथकारानें लेखणी खालीं ठेविली. ‘शिवलीलामृता’चा काल शके १६४०, विलंबी संवत्सर, फाल्गुन शुद्ध पौर्णिमा, रविवार, स्थळ बारामती. हीही तिथि ५ मार्च १७१९ रोजीं, रविवारींच येते. होळीचा दिवस! ज्या कवीच्या उपवनांत सदा वसंत असतो तोच कवी आपल्या स्वतःच्या दिवसाची नोंद अशी चोख करतो.

तारखांविषयीं एक सूचना येथेंच करून ठेवतों. वरील तारखा जुन्या इंग्रजी पद्धतीनें ११ दिवस मागें जातात. अफजलखानाच्या वधाची मार्गशीर्ष शुद्ध सप्तमी, शके १५८१, गुरुवार ही तिथि आपण १० नोव्हेंबर १६५९ अशी देतों ती जुन्या पद्धतीची. नव्या पद्धतीनें तो २० नोव्हेंबर होतो. राजकारणाच्या इतिहासाला दहा-अकरा दिवसांनीं फारसा फरक पडत नाहीं, परंतु मृग, पेरणी, नदीचा उतार यांचा विचार करणाऱ्याला पडतो. तिथीला हा घोळ नाहीं. अधिकमास धरल्यामुळें आमचा चांद्र महिना ऋतूला बांधलेला राहतो. हिजरी महिना तसा बांधलेला नसल्यामुळें, मुहर्रम म्हटल्यावर ऊन कीं पाऊस हें सन पाहिल्याशिवाय सांगतां येत नाहीं.

बखरींची गत काव्यासारखीच आहे. सभासद राजाराम छत्रपतींच्या आज्ञेवरून जिंजीस बसून लिहितो. त्याच्या कथनांत मोहिमा एकीमागून एक येतात, पण महिना-तिथि विरळा. परंतु तोच सभासद लष्कराचा कायदा सांगूं लागला कीं पावसाळा एकदम उभा राहतो: छावणीस आपल्या मुलुखांत यावें, दाणा, वैरण, औषधें आणि घोड्यांसाठीं गवतानें शाकारलेलीं घरें अगोदर तयार असावींत, दसरा होतांच कूच करावें, आठ महिने परमुलुखांत काढावे. कथेंत नसलेला ऋतु कायद्यांत आहे. राजवाड्यांनीं छापलेलें चिपळूणच्या छावणीसंबंधींचें शिवछत्रपतींचें पत्र तर सर्वश्रुत आहे. पावसाळ्याची बेगमी आधींच उधळली तर पुढें घोडीं मरतील, कुणब्याच्या घरचें दाणा-गवत कोणीं नेऊं नये, रात्रीं दिवा ठेवल्यास उंदीर पेटती वात ओढून नेईल आणि गवताच्या गंजीस आग लागेल, इतक्या बारकाईनें तें लिहिलेलें आहे. कोणत्याही बखरकारास तो उंदीर सुचला नसता.

आणि ज्या सुहूर सनानें मराठी दप्तर चाले तो सन सुरू होतो तोच मुळीं सूर्य मृग नक्षत्रीं गेल्यावर. म्हणून त्याला मृगसाल म्हणत. त्यांत ५९९ किंवा ६०० मिळविले म्हणजे इसवी सन येतो, आणि या एका वर्षाच्या फरकाचा निर्णय मृगाच्या अलीकडचा कागद कीं पलीकडचा यावर होतो. सरकारचें वर्षच पावसाबरोबर उलटत होतें. जेधे शकावली लोकमान्य टिळकांनीं १९१६ त प्रसिद्ध केली तेव्हां बखरींवर पोसलेल्या इतिहासाला पहिल्यानें सलग तिथ्या मिळाल्या. त्या तिथ्यांबरोबर ऋतुही मिळाले, ही गोष्ट मात्र त्या मानानें कमी बोलली गेली. मार्गशीर्ष म्हणतांच जावळीच्या वाटा उघडल्या होत्या, ओढे उतरले होते, हें वेगळें सिद्ध करावें लागत नाहीं.

आतां संग्राहकांस थोडें सांगावयाचें आहे. समाप्तिलेखांत शक, संवत्सर, अयन, ऋतु, मास, पक्ष, तिथि, वार असा संकल्पाचा पूर्ण क्रम पुष्कळदां असतो. याद्या करतांना आपण त्यांतला शक तेवढा घेतों आणि अयन-ऋतु हें पोकळ पाल्हाळ समजून टाकून देतों. हें बरोबर नाहीं. नकलकारानें मूळ प्रतींतला शक तसाच उतरला कीं स्वतःचा घातला, हा नेहमींचा प्रश्न आहे; ऋतु आणि मास यांचा मेळ बसत नसेल तर दोन लेख एकांत मिसळल्याचा संशय तेथेंच येतो. पुष्कळ पोथ्यांच्या अखेरीस एक संस्कृत श्लोक असतो, त्यांत पोथी स्वतःच विनविते कीं मला तेलापासून जप, पाण्यापासून जप, सैल बांधणीपासून जप. ठराविक म्हणून तोही गाळला जातो. पण ज्या पानावर तो असतो त्याच पानावर ओल शिरल्याचा डाग बहुधा अधिक असतो, कारण तें पान बाहेरचें. बाहेरचें म्हणूनच तें आधीं फाटतें, आधीं हरवतें, आणि विकणारे तें फाटकें पाहून काढूनही टाकतात.

श्रीधरस्वामींच्या ग्रंथांच्या इसवी सन १८०० पूर्वींच्या हस्तलिखित प्रती ज्यांच्या संग्रहीं असतील त्यांनीं शेवटच्या पानाची अक्षरशः नक्कल, ग्रंथकाराचा काल व नकलकाराचा काल वेगळे दाखवून, आणि डाग, वाळवी, दुरुस्ती यांच्या टिपणासह मंडळाकडे पाठवावी. नक्कल करतांना ऋतूचें नांव अशुद्ध लिहिलेलें असलें तरी तें शुद्ध करूं नये.