पावतीपुस्तकातला शेजार : साथीच्या काळातलं वाकोला



आम्ही आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं, आणि आज बोलायचं आहे इतिहासावर. तेव्हा सुरुवातीलाच एक कबुली देतो. तत्त्वज्ञानाच्या माणसाला कुठल्याही विषयावर बोलायला उभं केलं, की तो आधी व्याख्या मागतो. आजच्या विषयात व्याख्या मागावी असा शब्द आहे ‘शेजार’. शेजार म्हणजे काय? भिंतीला भिंत लागली की शेजार होतो का? की एकमेकांची नावं माहीत असावी लागतात? की आणखी काही लागतं?

हा प्रश्न आम्हाला पुस्तकात सापडलेला नाही. तो २०२० साली वाकोल्यात आमच्यासमोर आला, आणि आला तो एका पावतीपुस्तकातून. त्या पुस्तकाकडे येऊच. पण त्याआधी सव्वाशे वर्षं मागं जावं लागेल.

सप्टेंबर १८९६. मुंबईत मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस या गोमंतकीय डॉक्टरांनी प्लेगचं निदान केलं. मांडवी म्हणजे गोदीजवळची दाट वस्ती, धान्याची कोठारं, उंदीर. पुढच्या काही महिन्यांत लाखो लोक शहर सोडून गेले. सरकारने ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोग कायदा केला. जेमतेम दोन पानांचा कायदा, पण अधिकार अफाट. रोग्याला उचलून नेणं, घर तपासणं, प्रवासी अडवणं, सगळं त्यात बसत होतं. मार्च २०२० मध्ये महाराष्ट्र सरकारने जो कायदा लागू केला, तो हाच. माणसं गेली, राज्य बदललं, पण कायदा कपाटात शाबूत राहिला.

आता बघा, १८९६ मध्ये लोक कशाला घाबरले? रोगाला तर घाबरलेच. पण त्याहून जास्त घाबरले ते इस्पितळाला. २९ ऑक्टोबर १८९६ रोजी सुमारे हजार गिरणी कामगारांनी आर्थर रोडच्या इस्पितळावर हल्ला केला. तेच आजचं कस्तुरबा रुग्णालय. मार्च २०२० मध्ये मुंबईतले पहिले करोना रुग्ण दाखल झाले तेही तिथेच. कामगारांची समजूत अशी, की आत नेलेला माणूस परत येत नाही. समजूत चूक असेल, पण तिच्या मागची भावना समजून घेण्यासारखी आहे. आपल्या माणसाला अनोळखी लोक घेऊन जातात, आणि पुढे त्याचं काय होतं ते आपल्याला कळत नाही.

यावर तोडगा काय निघाला? सरकारने निरनिराळ्या समाजांना स्वतःची प्लेग-इस्पितळं उघडू दिली. जैनांचं, भाटियांचं, पारशांचं, खोजांचं, अशी ती उभी राहिली. खाट तीच, औषध तेच, पण उशाशी बसलेला माणूस ओळखीचा. लसीचंही तसंच. वाल्डेमार हाफकिन यांनी भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात प्लेगची लस तयार केली आणि जानेवारी १८९७ मध्ये आधी स्वतःला टोचून घेतली. तरी लोक बिचकतच होते. मग खोजा समाजाचे तरुण प्रमुख तिसरे आगाखान यांनी सगळ्यांच्या देखत लस घेतली. त्यांचं वय तेव्हा जेमतेम १९. त्यानंतर त्यांच्या समाजातले लोक पुढे आले.

यातून आम्ही एक गोष्ट शिकतो. साथीच्या काळात विश्वास सरकारकडून थेट माणसाकडे जात नाही. मधे एक ओळखीचं मंडळ लागतं. मात्र ही अर्धीच गोष्ट झाली. उरलेली अर्धी अशी, की ज्याला समाज होता त्याला खाट मिळाली. ज्याच्या मागे कुठलाच समाज उभा नव्हता, त्याच्यासाठी आर्थर रोड. हे वाक्य लक्षात ठेवा, त्याच्याकडे परत यायचं आहे.

आता वाकोल्याकडे येऊ. प्लेगच्या भीतीने शहरातले पुष्कळ लोक माहीमची खाडी ओलांडून साष्टीत आले. वांद्रे, सांताक्रूझ, अंधेरी ही तेव्हा ठाणे जिल्ह्यातली गावं होती. भातशेती, ताडाची झाडं, कोळी-आगरी वस्त्या आणि ईस्ट इंडियन ख्रिस्ती गावठाणं. वांद्र्यापासून पुढे या गावठाणांत प्लेगच्या काळात ठिकठिकाणी क्रूस उभारले गेले. त्यातले बरेच अजून उभे आहेत. मे महिन्यात संध्याकाळी क्रूसापाशी शेजारीपाजारी जमून प्रार्थना म्हणण्याची रीतही आहे. म्हणजे उपनगरातल्या शेजाराच्या काही खुणाच मुळी साथीतून आलेल्या आहेत, हे आपण विसरतो. पुढे १९५० मध्ये वांद्रे ते अंधेरी हा भाग मुंबई महापालिकेत आला. शेतं गेली, विमानतळ वाढला, महामार्ग झाला, चाळी आणि झोपड्या आल्या, मग सोसायट्या. आजचं वाकोला म्हणजे हे सगळं एकावर एक.

या वस्तीला बांधणारा दुसरा धागा म्हणजे मंडळ. गिरगावात केशवजी नाईक चाळीत १८९३ मध्ये सार्वजनिक गणपती बसला, पुढच्या काही दशकांत ही पद्धत मुंबईभर पसरली. मंडळांविषयी लोक बोलतात ते मूर्तीची उंची, डीजे, रस्ता अडवणं याबद्दल. तक्रारी खऱ्या आहेत, आम्हीही कानात बोळे घालून बसलो आहोत. पण मंडळाचं खरं यंत्र आम्हाला वेगळीकडे दिसतं. ते आहे वर्गणीत. जुलै-ऑगस्टमध्ये पाच-सहा पोरं पावतीपुस्तक घेऊन दारोदार फिरतात. कुठल्या खोलीत कोण राहतं, कुणाची नोकरी गेली, कुणाकडे बाळंतपण आहे, कोण आजी एकटी असते, कुणाकडून १०१ घ्यायचे आणि कुणाकडून ‘असू दे मावशी’ म्हणायचं, हे त्यांना ठाऊक असतं. दरवर्षी, न चुकता. जनगणना दहा वर्षांनी होते, वर्गणी दरवर्षी.

२०२० ची होळी ९ मार्चला झाली. ती आमची शेवटची गर्दी. २२ मार्चला जनता कर्फ्यू, २५ मार्चला गुढीपाडवा, आणि त्याच दिवसापासून देश बंद. गुढ्या उभारल्या, पण शोभायात्रा नाही, साखरेच्या गाठी मिळाल्या त्यांना मिळाल्या. डोक्यावरची विमानं थांबली. वाकोल्यात जन्म काढलेल्या माणसाला विमानांचा आवाज नसणं म्हणजे काय, ते सांगून कळणार नाही. पहिल्या रात्री आम्हाला झोपच लागली नाही.

मग एकेक सण आला आणि दाराबाहेरून गेला. १२ एप्रिलला ईस्टर, चर्च बंद. १४ एप्रिलला बाबासाहेबांची जयंती, प्रत्येकाने घरातच तसबिरीसमोर मेणबत्ती लावली. २५ मे रोजी ईद, नमाज घरात. १ जुलैला आषाढी, आणि संतांच्या पादुका एसटीच्या बसने पंढरपुराला गेल्या. १२ ऑगस्टला गोपाळकाला, हंडी नाही. पंचांग चालू होतं, माणसं थांबली होती.

याच काळात महापालिकेने दोन शब्द रूढ केले. झोपडपट्टीत किंवा चाळीत रुग्ण सापडला तर तो ‘प्रतिबंधित क्षेत्र’. इमारतीत सापडला तर ‘सील इमारत’. रोग एकच, पण एका ठिकाणी अख्खी वस्ती बंद, दुसऱ्या ठिकाणी फार तर एक इमारत, कधी एकच मजला. व्यवहाराच्या दृष्टीने ते बरोबरच असेल. जिथे नळ आणि संडास सामायिक, तिथे दार बंद करून काय साधणार? पण शब्दांनी एक गोष्ट उघडी केली. दार बंद करता येणं ही मुंबईत श्रीमंती आहे.

आता पावतीपुस्तक. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात आमच्या गल्लीतल्या मंडळाच्या पोरांना प्रश्न पडला, शिधा कुणाला द्यायचा? यादी कुठून आणायची? खजिनदाराने कपाटातून गेल्या वर्षीचं पावतीपुस्तक काढलं. झाली यादी. एका संध्याकाळी ठरलं, दुसऱ्या दिवशी सकाळी तांदूळ, डाळ, तेल, साबण यांच्या पिशव्या भरल्या गेल्या. एकट्या म्हाताऱ्यांची औषधं आणायला पोरं वाटून दिली. पुढे हीच पोरं ऑक्सिमीटर घेऊन दारोदार फिरली, आणि त्यांच्यासाठी दारं उघडली गेली. सरकारी माणसाला जे दार उघडलं नसतं, ते ‘काकू, मी गणपतीचा’ म्हटल्यावर उघडलं. आम्ही तेव्हा मनात म्हटलं, हे तर १८९७ चं ओळखीचं इस्पितळ.

आणि मग आठव्या-नवव्या दिवशी एका बाईंनी विचारलं, वरच्या माळ्यावरची पोरं पाण्याच्या रांगेत दिसत नाहीत, गेली का कुठे?

गेली नव्हती. लोखंडी शिडीवरच्या दहा बाय दहाच्या खोलीत पाच जण होते, कपड्यांवर भरतकाम करणारे, बिहारकडचे. कारखाना बंद, मालकाचा फोन बंद. दोन दिवस ते बिस्किटं आणि पाण्यावर होते. मागायला खाली आले नाहीत, कारण कुणाकडे मागायचं ते त्यांना ठाऊक नव्हतं. आमच्या डोक्यावर पाच माणसं उपाशी होती आणि आमच्या हातात अख्ख्या गल्लीची यादी होती. त्या यादीत ती नव्हती. पावती खोलीच्या मालकाच्या नावाने फाडली जाते, आणि मालक राहतो नालासोपाऱ्याला.

१४ एप्रिलला वांद्रे स्टेशनबाहेर गावी जाण्याच्या आशेने मजुरांची गर्दी जमली, ते दृश्य आपण सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलं. आमच्यापासून दोन स्टेशनांवर. इमारतीतले आमचे काही मित्र म्हणाले, या लोकांना अक्कल नाही. आम्ही गप्प बसलो. वरच्या माळ्याची गोष्ट तेव्हा ताजी होती, आणि अक्कल कुणाला नव्हती याचं उत्तर आम्हाला सोयीचं नव्हतं. मेमध्ये श्रमिक गाड्या सुटल्या, पोरं गेली.

त्या वर्षी गणपती २२ ऑगस्टला आले. सार्वजनिक मूर्ती चार फुटांची, घरची दोन फुटांची, मिरवणूक नाही. १९३४ पासून चालत आलेल्या लालबागच्या मंडळाने तर मूर्तीच बसवली नाही. ‘आरोग्योत्सव’ म्हणून रक्तदान आणि प्लाझ्मादान ठेवलं. आमच्या गल्लीत छोटी मूर्ती, आरतीला पाच माणसं, बाकीचे खिडकीत. विसर्जन कृत्रिम तलावात. एक जुने कार्यकर्ते म्हणाले, ‘सर, यंदा गणपती आलाय असं वाटतच नाही.’ आम्हाला उलटं वाटत होतं. तो एप्रिलमध्येच येऊन गेला होता, पिशव्या भरल्या गेल्या त्या सकाळी. पण वरच्या माळ्यावर पोचायला त्याला उशीर झाला होता.

२०२२ मध्ये निर्बंध उठले. मूर्ती वाढली, ढोल परतले. त्या पाच जणांपैकी एक जण परत आला, त्याच माळ्यावर. वर्गणीला पोरं गेली तर त्याने १०१ रुपये काढून ठेवले आणि म्हणाला, पावती माझ्या नावाने द्या.

मंडळी, यावर आमच्या मंडळाच्या दोन बैठका झाल्या. हसू नका. भाडेकरूच्या नावाने कागद दिला तर उद्या तो राहण्याचा पुरावा म्हणून दाखवेल, पुनर्विकासात हक्क सांगेल, मालक आमच्याशी भांडेल, असं काही जणांचं म्हणणं. वर्गणीची पावती असा पुरावा होत नाही, हे एका वकिलाने सांगितलं, तरी भीती जाईना. झोपडपट्टीत कागदाची भीती उगाच नसते, कागदावर घरं मिळतात आणि जातात. आम्हीही पहिल्या बैठकीत ‘मधला मार्ग’ सुचवला, मंडळाच्या नावाने देणगी दाखवावी म्हणून. आज त्याची लाज वाटते. शेवटी पावती दिली. त्याच्या नावाने. आणि ठरलं, की पुढच्या वर्षापासून पुस्तकात एक रकाना वाढवायचा : ‘सध्या राहणार’. मालक कोणीही असो.

सुरुवातीला आम्ही विचारलं होतं, शेजार म्हणजे काय. मराठीत ‘शेजारधर्म’ असा सुंदर शब्द आहे. त्यातला धर्म म्हणजे पूजा नव्हे, कर्तव्य. आणि कर्तव्य करायचं तर आधी माणूस दिसला पाहिजे. सण हा आम्हाला या दिसण्याचा सराव वाटतो. दरवर्षी दार ठोठवायचं निमित्त. साथ आली तेव्हा तो सराव कामाला आला, आणि सरावात जी दारं आपण गाळली होती ती तेव्हाही गळली. प्लेगच्या वेळी ज्यांच्या मागे समाज नव्हता ते सुटले, आमच्या वेळी ज्यांच्या नावाची पावती नव्हती ते.

पुढची साथ कधी येईल ते आम्हाला सांगता येत नाही. पण आपापल्या सोसायटीत, चाळीत, गल्लीत एक वही असतेच. घरी गेल्यावर ती उघडा. रखवालदार त्यात आहे का? माळ्यावरचा भाडेकरू आहे का? सकाळी येऊन रात्री परत जाणाऱ्या बाईचा पत्ता आहे का? नसेल तर रकाना आखायला एक पट्टी आणि पेन्सिल पुरते. दोन बैठका मात्र धरून चाला.

आता तुमचे प्रश्न घेऊ.