फ्लूची लस: सक्ती, सूचना आणि 'स्वेच्छा'

'आरोग्य कर्मचाऱ्यांना फ्लूची लस सक्तीची करावी का?' हा विषय संशोधनाला घेणार असाल, तर आधी एक शब्द तपासा: 'स्वेच्छा'.

मुंबईत 1896 मध्ये प्लेग आला. डॉ. हाफकिन यांनी 10 जानेवारी 1897 रोजी आपली लस आधी स्वतःला टोचून घेतली. त्याच महिन्यात भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला, तेव्हा तयार झालेल्या कैद्यांना ती दिली. पण कैद्याचा होकार कितपत मोकळा?

फ्लूचा विषाणू बदलत राहतो. त्यामुळे लस दरवर्षी घ्यावी लागते, आणि हा प्रश्नही दरवर्षी उभा राहतो. अमेरिकेत सिॲटलच्या व्हर्जिनिया मेसन रुग्णालयाने 2005 मध्ये ती नोकरीची अटच केली. युक्तिवाद साधा होता: आपल्यामुळे रुग्णाला संसर्ग होता कामा नये. आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाने कोविड लशीबाबत 2 मे 2022 रोजी सांगितलं, की जबरदस्तीने लस देता येणार नाही. मात्र सार्वजनिक आरोग्यासाठी वाजवी निर्बंध घालता येतील.

आता समजा, केजच्या सरकारी दवाखान्यात एक कंत्राटी परिचारिका आहे. लशीची सक्ती नाही, नुसती 'सूचना' आहे. पण कराराचं नूतनीकरण वरिष्ठांच्या शेऱ्यावर अवलंबून. ती नाही म्हणू शकेल?

म्हणून नुसता जीआर वाचून थांबू नका. नकार दिला तर काय होतं, लशीनंतर ताप आला तर पगारी सुट्टी मिळते का, हे विचारा. धोरण किती न्याय्य आहे, ते तिथंच कळतं.