ईश्वरसान्निध्याचा अभ्यास

ईश्वरसान्निध्याचा अभ्यास : हातात कोणतेही काम असो, देव आपल्याजवळ आहे याचे भान ठेवायचे आणि ते सुटले की शांतपणे पुन्हा धरायचे, एवढ्यावर उभी असलेली ख्रिस्ती साधना. पॅरिसच्या एका मठातील आचारी ब्रदर लॉरेन्स (सु. १६१४–१२ फेब्रुवारी १६९१) यांच्या नावाशी ती कायमची जोडली गेली आहे. देव सर्वत्र आहे ही श्रद्धा आणि अखंड प्रार्थना करण्याचा प्रेषित पौलाचा उपदेश, दोन्ही त्यांच्या कितीतरी आधीचे. करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या अकराव्या अध्यायात, ख्रिस्तावरील साध्या व शुद्ध निष्ठेपासून मंडळीची मने ढळतील की काय, अशी चिंता पौलाने बोलून दाखवली आहे. ती निष्ठा भांडी, चूल आणि बाजारहाट यांच्या रगाड्यात कशी टिकते, याचा लॉरेन्स यांच्याइतका उघड आणि खरा दाखला ख्रिस्ती इतिहासात क्वचितच सापडतो.

लॉरेन्स यांचे मूळ नाव निकोला एर्माँ. लोरेन प्रांतात ल्युनेव्हिलजवळच्या एरिमेनिल या खेड्यात त्यांचा जन्म झाला. अठरा वर्षांचे असताना ऐन हिवाळ्यात त्यांना पानगळ झालेले एक झाड दिसले. थोड्याच दिवसांत याला पालवी फुटेल, मग फुले आणि फळे येतील, या विचारासरशी देवाच्या सामर्थ्याची आणि त्याच्या सांभाळाची जी जाणीव त्यांच्या मनावर उमटली ती पुढे कधी पुसली गेली नाही. तरी ते तडक मठात गेले नाहीत. तीस वर्षांच्या युद्धात (१६१८–४८) त्यांनी शिपाईगिरी केली. जर्मन सैन्याने त्यांना हेर समजून पकडले. सुटका झाल्यावर स्वीडिश फौजेशी झालेल्या चकमकीत पाय जायबंदी झाला आणि लंगडेपण जन्मभर सोबत राहिले. त्यानंतर काही काळ एकांतवास करून पाहिला, तोही मानवला नाही. मग फ्येबे नावाच्या खजिनदाराकडे त्यांनी हुजऱ्याची नोकरी धरली. आपण धसमुसळे होतो, हाताला येईल ते मोडायचे, असे त्यांनी स्वतःच सांगून ठेवले आहे.

१६४० मध्ये ते पॅरिसच्या व्होजिरार रस्त्यावरील अनवाणी कार्मेलाइट संघाच्या मठात दाखल झाले आणि १६४२ मध्ये त्यांनी व्रते घेतली. पुनरुत्थानाचे ब्रदर लॉरेन्स हे त्यांचे मठातील नाव. धर्मगुरुपदाची दीक्षा न घेतलेले, मठातली कष्टाची कामे करणारे ते ब्रदर होते. आव्हिलाच्या संत तेरेसा (१५१५–८२) यांनी ज्या सुधारणेची सुरुवात केली त्याच परंपरेतला हा संघ, आणि देव स्वयंपाकघरातल्या भांड्यांमधूनही वावरतो असे या तेरेसांनीच आपल्या जोगिणींना बजावले होते. लॉरेन्स यांच्या वाट्याला नेमके स्वयंपाकघर आले. त्यांना स्वयंपाकाची उपजत नावड होती. तरीही सुमारे पंधरा वर्षे त्यांनी ते काम केले. पुढे पायाच्या दुखण्यामुळे बसून करण्याजोगे काम हवे झाले, तेव्हा ते मठवासीयांच्या वहाणा दुरुस्त करू लागले. मठासाठी वाइन खरेदी करायला त्यांना ओव्हेर्न्य आणि बर्गंडी प्रांतांत पाठवले जाई. व्यवहाराची समज नाही आणि पाय अधू, अशा स्थितीत नावेवर इकडून तिकडे जायचे तर पिंपांवरून अंग लोटत जावे लागे. हे तुझेच काम आहे, एवढे देवाला सांगून ते निघत. आणि काम ठीक पार पडे.

या साधेपणाला लोक फार लवकर सोपेपणा समजतात. मठातली पहिली दहा वर्षे लॉरेन्स यांनी घोर मनस्तापात काढली. त्यांतली चार वर्षे तर आपला नाश ठरलेलाच आहे, अशी त्यांची पक्की खात्री होती आणि जगातल्या कोणीही समजावले असते तरी ती हलली नसती. पुस्तकांत सांगितलेल्या ध्यानाच्या पायऱ्या, ठरावीक विषयांवरचे चिंतन, हे सारे त्यांनी करून पाहिले. त्याने मनाचा गुंता वाढला. शेवटी त्यांनी ठरवले की आपण देवाच्या प्रेमासाठी इथे आलो, तारण होवो वा न होवो, जिवंत असेतो जे करायचे ते त्याच्या प्रेमासाठीच करायचे. स्वतःच्या तारणाचा हिशेबसुद्धा सोडून दिल्यावर त्यांना ती मोकळीक मिळाली जी पुढे कधीच गेली नाही. त्यांची साधना समजून घ्यायची तर हा प्रसंग आधी ध्यानात घ्यायला हवा, कारण तिच्यातले बाकीचे सगळे याच निश्चयातून आले आहे.

प्रत्यक्षात ते करत काय? कामाच्या आधी देवाशी दोन शब्द, कामाच्या मध्ये अधूनमधून एक लहानसे स्मरण, काम संपल्यावर त्याचा आढावा. नीट झाले असेल तर आभार मानायचे. चुकले असेल तर तू मला माझ्यावर सोडलेस तर मी हेच करणार, असे देवाला मोकळेपणाने सांगायचे आणि ती गोष्ट तिथेच ठेवून पुढच्या कामाला लागायचे. तव्यावरचे ऑम्लेट उलटायचे तेही देवाच्या प्रेमासाठी, जमिनीवरची काडी उचलायची तीही त्यासाठीच. प्रार्थनेची नेमलेली वेळ आणि कामाची वेळ यांत त्यांना फरक उरला नव्हता. चार माणसे चार गोष्टी मागत असताना स्वयंपाकघराच्या गलबल्यातही आपण पवित्र साक्रामेंतापुढे गुडघे टेकल्यासारखे शांत असतो, असे ते म्हणत. तरीही मठाच्या नियमातल्या प्रार्थना त्यांनी टाळल्या नाहीत; वेळ झाली की ते जात.

अवधान सुटणे ही या साधनेतली रोजची घटना आहे आणि लॉरेन्स यांचा खरा वाटा इथे दिसतो. प्रार्थनेत मन भटकते अशी तक्रार करणाऱ्या एका व्यक्तीला त्यांनी लिहिले की मनाशी झटापट करू नये, त्याने ते अधिकच विखुरते. इच्छाशक्तीने त्याला हळूच परत आणावे. श्रीमंताच्या दारात पडून राहिलेल्या मुक्या, लुळ्या भिकाऱ्यासारखे देवापुढे राहावे, हा त्यांचा सल्ला. एका सैनिकाविषयी लिहिताना, हातात तलवार असताना, कूच चालू असतानाही मनाची क्षणभर देवाकडे झेप पुरेशी आहे, असे ते सांगतात. लांबलचक शब्दांच्या प्रार्थनेची त्यांना गरज वाटत नव्हती. हे सारे आधी सरावाने आणि नेट धरूनच करावे लागते, मग त्याची सवय होते, हेही ते लपवत नाहीत.

त्यांचे म्हणणे आपल्यापर्यंत आले ते आबे जोझेफ द बोफोर या धर्मगुरूंमुळे. हे पुढे पॅरिसचे आर्चबिशप झालेल्या लुई-आंत्वान द नोआय यांचे निकटचे सहकारी. ३ ऑगस्ट १६६६ रोजी ते लॉरेन्स यांना प्रथम भेटले आणि १६६७ अखेरपर्यंतच्या चार संभाषणांच्या नोंदी त्यांनी ठेवल्या. लॉरेन्स यांच्या मृत्यूनंतर १६९२ मध्ये पत्रे व आध्यात्मिक सूत्रे आणि १६९४ मध्ये चरित्र व संभाषणे त्यांनी प्रसिद्ध केली. आज एकाच छोट्या पुस्तकात मिळणारा मजकूर असा दोन वेळच्या प्रकाशनांतून जुळवलेला आहे.

हा काळ मात्र अशा लेखनाला अनुकूल नव्हता. अंतर्मुख शांततेवर सारा भर देणाऱ्या क्वाएटिझम या मताचे प्रवर्तक मिगेल द मोलिनोस यांचा १६८७ मध्ये रोमने निषेध केला होता आणि फ्रान्समध्ये याच प्रश्नावरून बॉस्युए व फेनेलाँ या धर्माधिकाऱ्यांचा वाद पेटला होता. लॉरेन्स यांना आजारपणात भेटलेल्या फेनेलाँ यांनी त्यांचा आदराने उल्लेख केला. १६९९ मध्ये फेनेलाँ यांच्या ग्रंथातील २३ विधाने पोपनी दोषी ठरवल्यावर क्वाएटिझमच्या संशयाची सावली या आचाऱ्यावरही पडली. हा संशय अन्यायाचा होता. क्वाएटिझमवरचा आक्षेप निष्क्रियतेचा होता, आणि लॉरेन्स यांचा दिवस कामाने भरलेला होता.

कॅथलिक फ्रान्समध्ये त्यांचे नाव मागे पडले, तेव्हा प्रोटेस्टंटांनी ते जपले. पिएर प्वारे यांनी त्यांचे लेखन पुन्हा छापले, जॉन वेस्ली यांनी आपल्या ‘ख्रिश्चन लायब्ररी’त त्यांच्या पत्रांतील उतारे घेतले. विसाव्या शतकात अमेरिकन मिशनरी फ्रँक लॉबॅक (१८८४–१९७०) यांनी फिलिपीन्समध्ये दर मिनिटाला एकदा देवाचे स्मरण करण्याचा प्रयोग केला. लॉबॅक मिनिटे मोजत. लॉरेन्स यांच्याकडे मोजणी नव्हती. लॉरेन्स यांच्या लेखनाची चिकित्सक आवृत्ती कार्मेलाइट अभ्यासक कॉनराड द मेस्टर यांनी १९९१ मध्ये सिद्ध केली.

त्यांचे अखेरचे पत्र ६ फेब्रुवारी १६९१ चे आहे. नंतर दोन दिवसांनी त्यांनी अंथरूण धरले आणि आठवड्याच्या आत ते गेले. ही पत्रे प्रकाशात यावीत अशी त्यांची इच्छा नव्हती. प्रचलित आवृत्त्यांत पहिले म्हणून छापल्या जाणाऱ्या पत्रात, हे कोणालाही दाखवू नये, या अटीवरच लिहीत आहे, असे त्यांनी प्रारंभीच कळवले आहे.